स्वयंपाकघरातली हाक

माझं तान्हेपण मला आठवत नाही. जेवढं माहीत आहे तेवढं आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सांगितलेलं. दिवाळी झाली की वडीगोद्रीजवळच्या आमच्या घराला कुलूप लागायचं आणि सगळे अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊस तोडायला जायचे. राहायला पाचटाची कोपी. मी बाभळीला बांधलेल्या झोळीत, आणि आई तोडणीला. मला पाय फुटायच्या आत आई तापानं गेली. तिचा एक फोटोसुद्धा नाही. आबांनी मला आत्याकडे ठेवलं, शाळेत घातलं आणि पुन्हा उसात नेलं नाही.

आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. हे सांगताना मी मान खाली घालत नाही.

मुलगी झाली तेव्हा मीच नोकरी सोडली. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या लेकराला आई दिवसभर समोर दिसली पाहिजे आणि बोलायला ते माझ्याच तोंडून शिकलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. सासूबाईंनी पाहुण्यारावळ्यांत सांगून टाकलं की आमची सून लेकराला घरीच कॉलेज शिकवणार हाय.

मी शिकवत होते. मुलीला मांडीसमोर बसवून वाटी, चमचा, कांदा, कणीस एकेक हातात देऊन नाव सांगायचे. भिंतीला चित्रांचे तक्ते लावले होते. पण वर्षाची होत आली तरी मुलगी बोबडासुद्धा शब्द काढेना. मी बोलायला लागले की ती माझ्याकडे बघायचीच नाही. डॉक्टरांनी टाळ्या वाजवून बघितल्या, हाका मारून बघितल्या आणि म्हणाले, कान तपासून घ्या. संभाजीनगरच्या दवाखान्याची तारीख मिळाली, ती पुढच्या महिन्यातली.

तो महिना मला अजून नको वाटतो. उन्हाळ्याचे दिवस. जेवणं झाली की गल्ली बंद पडल्यासारखी व्हायची, नुसता कूलरचा आवाज. मी समोर बसून "वाटी, वाटी" म्हणत असायचे आणि मुलगी माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायची. रिकाम्या दाराकडे नाही, माणसाकडे बघावं तशी. मान जराशी तिरपी करून थांबायची, कोणी बोलतंय आणि आपण ऐकतोय अशी. कधी हात पुढे करायची. मी वळून बघायचे. दारात कोणी नसायचं.

एका दुपारी तिनं जीभ टाळूला लावून दोनदा टक् टक् केलं आणि वर चढत जाणारा लांब आवाज काढला, "हूऽऽ". मग गप्प झाली आणि दाराकडे बघत थांबली.

हे मी शिकवलं नव्हतं. कुठल्या तक्त्यावर नव्हतं, टीव्हीवर नव्हतं. रोज दुपारी ती तेच करायला लागली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, पाल असंल घरात, तिच्याकडून शिकली. मी हसले, पण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मुलगी रांगत गेली, दारापाशी बसली आणि तळहातानं दार थोपटत राहिली. मी तिला उचलून पुढच्या खोलीत आणलं.

त्याच आठवड्यात आबा आले. सासूबाई पुढच्या खोलीत शेंगा फोडत बसल्या होत्या, आबा नातीला घेऊन खाली बसले. मी आत भाकरी थापत होते. थोड्या वेळानं पाणी घेऊन बाहेर आले तर आबांचा चेहरा उतरलेला. मुलगी त्यांच्या मांडीवर, डोळे माझ्यामागच्या दाराकडे.

"माय, आत्ता आतून हाक कोनी देली?"

मी म्हटलं, आत मी एकटीच होते आणि मी काही बोलले नाही.

आबांनी पाण्याला हात लावला नाही. "तुझी आई देत व्हती ही हाक. उसात माणूस दिसत न्हाई. झोळीतल्या लेकराला कळावं माय जवळ हाय म्हणून आतून टक् टक् करायची, मंग हूऽऽ. तू झोळीतून हू करायचीस. तिच्यामागं म्या ही हाक पुन्हा ऐकली न्हाई."

सासूबाईंनी शेंगांवरून मानही वर केली नाही. "आवं, ही तर रोजच देती. भाकरी थापतानी, भांडे घासतानी. मला वाटलं लेकराला खेळवून राह्यली."

मी नाही म्हटलं. शपथेवर नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं मला न सांगता मोबाइल रेकॉर्डिंगला लावून स्वयंपाकघरात ठेवला आणि मग ऐकवलं. भाकरी थापल्याचा आवाज, तवा सरकवल्याचा आवाज, आणि मधेच टक् टक्, हूऽऽ. आवाज माझा होता. मला त्यातलं काही आठवत नव्हतं. बाहेरच्या खोलीतून, बारीक, मुलीचं उत्तर येत होतं.

मी अजूनही ती हाक देते म्हणतात. देताना मला ती कधीच ऐकू येत नाही. आईचा आवाज कसा होता हे मला ठाऊक नाही आणि माझ्या जिभेला ठाऊक आहे, याचा विचार मी एकटी असताना करत नाही.

तपासणीला मात्र गेलोच. दोन्ही कान चांगले निघाले. घरी आल्यावर मी तक्ते तसेच राहू दिले, पण तिला समोर बसवून घोकून घेणं बंद केलं. बाहेरून तिची हू आली की स्वयंपाकघरातून म्हणायचे, "हितं हाय मी." पुढे काय करतेय ते सांगायचे, कांदा चिरतेय, डाळ निवडतेय. काही आठवड्यांनी मी विळीवर असताना बाहेरून तिचा आवाज आला, "हितं." तो तिचा पहिला शब्द.

आता ती तीन वर्षांची आहे. पूर्ण वाक्यात बोलते, गोष्ट सांगते, आणि तिचं सगळं बोलणं ती घरात, माझ्याजवळ शिकली.