शांतवन टेलरचं मागणं

पौडच्या बाजारात शांतवन टेलरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पायमशीन, कापड बेतायची फळी आणि डोक्यावर पत्रा. मशीन चालवताना तो गाणी गुणगुणायचा. ती बाजारात दुसऱ्या कुणाला येत नसत, कारण ती प्रार्थनामंदिरातली होती. पौडात ख्रिस्ती घरं मोजकीच. त्यातलं पहिलं घर शांतवनच्या आज्याचं, कोंडाजीचं.

कोंडाजीनं बाप्तिस्मा घेतला तो एकट्यानं. त्याचे भाऊबंद गावाबाहेरच्या वस्तीत राहायचे. त्यांनी त्याला वाळीत टाकलं. विस्तव बंद, सोयरीक बंद. घरातले देव त्यानं मुळा नदीच्या डोहात सोडले, तेव्हा त्याच्या सख्ख्या भावानं पाठीत दगड घातला. पुढं वर्षं गेली तशी वाळीत टाकण्याची धार बोथट झाली. शांतवनच्या काळात येणंजाणं सुरू झालं होतं. पण दोन्हीकडच्यांच्या मनात एक रेघ होतीच, आणि आपण त्या रेघेच्या वरच्या अंगाला आहोत असं शांतवन धरून चालायचा. आपण लिहायवाचायला शिकलो, गावकीच्या कामातून सुटलो. ते मागं राहिले.

त्याचं त्यांच्यावर प्रेम नव्हतं असं नाही. तो ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे पंच होता. दर रविवारी उभा राहून तो एक मागणं न चुकता मागायचा: प्रभो, माझ्या वस्तीतल्या बांधवांना बंधनातून काढ, त्यांची मान वर कर. वीस वर्षं हे मागणं चाललं होतं. अधूनमधून तो वस्तीवर जाऊन प्रभूच्या चार गोष्टी सांगायचा. लोक घोंगडं अंथरायचे, चहा द्यायचे, मान डोलवायचे. आलं मात्र कुणी नाही.

नागपूरच्या दीक्षेनंतरच्या हिवाळ्यात त्याचा चुलत चुलतभाऊ भिकू पांढऱ्या मांजरपाटाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन दुकानात आला. गठ्ठा फळीवर ठेवून म्हणाला, "समद्या वस्तीचं ठरलंय, शांतवन. बाबासायबांच्या वाटंनं जायचं. पुण्याहून भंतेजी येनार हायेत. सदरं शिवायचं हायेत."

"समद्यांचं ठरलं?"

"समद्यांचं. म्हातारीकोतारीसुदिक. तुजा आजा गेला तवा त्याच्या संगं कुनी न्हवतं. आमी समदं संगंच चाललोय."

भिकूनं हे सहज म्हटलं होतं. शांतवनच्या मात्र ते काळजात रुतलं. त्यानं मापं घेतली, कापड ठेवून घेतलं आणि भिकू गेल्यावर कितीतरी वेळ मशीनचं चाक नुसतंच हातानं फिरवत बसला. आपण वीस वर्षं ज्या दारावर धडका दिल्या, ते दार आतूनच उघडलं होतं. आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

पुढचे दिवस तो पांढरे सदरे शिवत राहिला, आणि प्रत्येक सदऱ्यागणिक त्याचं तोंड आंबट होत गेलं. संध्याकाळी वस्तीवरून गाण्याचे सूर यायचे. पन्नासएक माणसं एका सुरात गायची. प्रार्थनामंदिरात सगळी मंडळी जमली तरी पेटी वरचढ व्हायची आणि आवाज खाली राहायचा. घरी तो बायकोला, राहेलबाईला सांगू लागला की हे सगळं पाण्यावरचा फेस आहे, चार दिवसांत ओसरेल. राहेलबाई तांदूळ निवडत ऐकून घ्यायची.

भिकूचा सदरा त्यानं शेवटी ठेवला होता. मग बेतलाच नाही. भिकू सदरे न्यायला आला तेव्हा शांतवननं त्याला सांगितलं की कापड कमी पडलं. कापड फळीखाली घडी करून ठेवलेलं होतं. भिकू म्हणाला, असू दे, आणि बाकीचे सदरे घेऊन गेला.

दीक्षा रविवारी होती. उपासना आटोपल्यावर शांतवन घरी न जाता नदीच्या चढावर जाऊन उभा राहिला. खाली सगळी वस्ती पांढरीशुभ्र बसली होती. त्यानं शिवलेला सदरा न् सदरा त्याला ओळखू येत होता. भंतेजी सांगत होते, लोक मागून म्हणत होते. मग माणसं उठली आणि घराघरातले देवांचे टाक, शेंदराचे दगड पाण्यात सोडू लागली. दिवसाढवळ्या, बायकापोरांसकट. कुणी कुणाला दगड मारला नाही. एका म्हातारीला हात धरून पाण्यापर्यंत नेलं, तेव्हा सगळे हसले आणि तीही हसली.

शांतवनच्या मनात आलं, माझ्या आज्यानं याच पाण्यात देव सोडले तेव्हा त्याचा हात कुणी का नाही धरला? आणि यांचं सगळं असं सुखासुखी का व्हावं? भिकू अंगावर नुसतं उपरणं पांघरून उभा होता. त्यानं चढावरच्या शांतवनला पाहिलं आणि ये म्हणून हात केला. शांतवन पाठ फिरवून घरी आला.

पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे तो प्रार्थनेला उभा राहिला. "प्रभो, माझ्या वस्तीतल्या बांधवांना," इथवर आला आणि थांबला. पुढचे शब्द तोंडातून निघेनात. मंडळी वाट पाहत राहिली. शेवटी पाळकांनी प्रार्थना पुरी केली.

घरी आल्यावर राहेलबाईनं त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला त्यांच्या जिवाची काळजी लागलीय, का त्यांनी तुमचा हात धरला नाही याचं दुःख आहे?"

"ते आपल्या प्रभूकडं आले नाहीत."

"नाही आले. त्याचं वाईट मलाही वाटतं. पण मान वर कर म्हणून तुम्ही मागत होता. ती झाली. मग तुमचीच का खाली गेली?"

तो ताटावरून उठला. दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं फळीखालचं कापड काढलं, भिकूचा सदरा शिवला आणि स्वतः वस्तीवर नेऊन दिला. "कापड कमी पडलं नव्हतं," त्यानं सांगितलं. भिकूनं त्याच्याकडं पाहिलं, सदरा अंगात घातला, बाह्या ताणून बघितल्या आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. का म्हणून त्यानं विचारलं नाही.

तेवढ्यानं हेवा गेला नाही. वस्तीतली पोरं शाळेत जाऊ लागली. पुण्यात कुणी शिपाई झालं, कुणी कारकून. शांतवनचा मुलगा सातवीत अडकला आणि गवंड्याच्या हाताखाली गेला. भिकूची मुलगी जया मॅट्रिक झाली, तेव्हा बाप-लेक पेढे घेऊन दुकानात आले. शांतवननं पेढा घेतला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. ती पुढच्या दुकानांत गेली तरी भिकू रेंगाळला.

शांतवन मान वर न करता म्हणाला, "मला तुझा हेवा वाटतो, भिकू. लई वर्सं वाटतोय. प्रार्थना करूनसुद्धा जात न्हाई."

"ठावं हाय," भिकू म्हणाला. "मला न्हानपनी तुमच्या नाताळाचा वाटायचा. कुडाच्या फटीतनं बगत बसायचो. तुमी समदी बसून करंज्या खायाचा."

"मग आत का न्हाई आलास?"

"बानं तंगडी मोडली असती."

शांतवनला हसू आलं. मग ते दोघं बराच वेळ बोलत बसले, कोंडाजीबद्दल, त्याला दगड घालणाऱ्या भावाबद्दल. तो भाऊ म्हणजे भिकूचा आजा. तो म्हातारपणी कोंडाजीच्या घरावरून जाताना चाल मंद करायचा, असं भिकूनं सांगितलं. शांतवनला हे ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी तो प्रार्थनेला उभा राहिला. या वेळी त्यानं वस्तीसाठी काही मागितलं नाही. जयाचं नाव घेतलं, भिकूचं घेतलं, त्यांच्या भल्याबद्दल आभार मानले. मग खाली बसला आणि पेटीवाल्याला पुढचं गीत धरायला सांगितलं.