काठी घेऊन अणुवीज केंद्रावर

हुलसूरहून निघालो तेव्हा माझ्यासंगं एक घोंगडी, बायकोनं बांधून दिलेले धपाटे आणि माझ्या बापाची काठी होती. चौथीत शाळा सोडली तरी मी पाट्या वाचतो, म्हणून सोबतीला कुणी नको म्हणालो. कारवारकडच्या जंगलात अणूपासून वीज करतात, तिथं माझा पोरगा बिरप्पा कामाला आहे. ती काठी त्याला द्यायची होती. आमच्या घरात बाप काठी पुढं करतो, पोरगा घेतो, की मेंढरं त्याची. पोरग्यानं कपाळाला लावून परत केली, तर पुन्हा द्यायची नसते. माझे गुडघे गेलेत, आणि दुसरा पोरगा नाही.

हुमनाबादला गुलबर्ग्याची बस मिळाली. कंडक्टर म्हणाला, "अज्जा (आजोबा), काठी टपावर टाक."

"मी टपावर बसतो, काठी आत बसंल."

"मग दोघंबी जावा वर." माणसं हसली. काठी माझ्या मांडीवरच राहिली.

बिदरची तांबडी माती मागं पडून काळी लागली. तूर फुलावर होती. गुलबर्ग्याच्या स्टँडवर धपाटे खाल्ले. हुबळीला बस बदलली. पुढं जंगल लागलं. एवढं हिरवं, आणि त्यात एक मेंढरू दिसलं नाही.

बिरू वसाहतीच्या फाटकावर आला. इस्त्रीचा शर्ट, छातीला एक बारकी डबी अडकवलेली.

"हे काय?"

"अंगाला किती किरणं लागली ते ह्यात कळतंय. ठरल्या दिवशी तपासत्यात."

"मेंढराच्या कानाला खूण करावी तसं."

"तसंच म्हणा अप्पा."

आत सोडत नाहीत. बाहेर एका खोलीत काचेखाली सगळ्याचा नमुना मांडलाय, तिथं त्यानं नेलं.

"ह्यात जळतंय काय?"

"जळत न्हाई, फुटतंय. युरेनियमचा अणू फुटला की बारके कण उडत्यात, ते दुसऱ्याला फोडत्यात. एका मेंढरानं चरावरून उडी मारली की मागली बी मारत्यात, तसं."

"मग आवरायचं कसं?"

त्यानं दांडे दाखवले. "हे आत घातले की कण गिळत्यात. समदं थांबतंय. वर घेतले की पुन्हा चालू."

फुटण्यातून उष्णता निघते. जड पाणी म्हणून एक वेगळं पाणी ती नळ्यांतून घेऊन जातं आणि साध्या पाण्याची वाफ करतं. वाफेनं मोठं चक्र फिरतं, चक्रानं वीज होते. फिरवून झालेली वाफ थंड करून पुन्हा पाणी.

"म्हंजे शेवटी पाणीच उकळायलात," मी म्हणालो. "त्यासाठी एवढा तमाशा?"

"व्हय अप्पा. पाणीच." तो हसला.

खरं तर मी भांडायला गेलो होतो. काहीच कळलं नसतं तर भांडलोही असतो. पण त्यानं मेंढरांवरूनच सांगितलं, आणि मला सगळं कळलं.

बाहेर झाडाखाली मी काठी पुढं केली.

"कामून आणलात, अप्पा?"

"तुला ठावं हाय."

त्यानं दोन्ही हातांनी घेतली. कपाळाला लावली. मग माझ्या हातात ठेवली. "मला रानात जमंना आता. आन माझ्या लेकाला तर ही धरू देणार न्हाई मी."

जेवून जावा म्हणाला, तर भूक नाही म्हणून दुपारच्याच बसला बसलो. भूक होती.

परतीला खिडकीतून काही बघितलं नाही. माझ्या आज्यापासून आम्ही ह्या जनावरांमागं चाललो. त्या चालण्याचा शेवट माझ्याच गुडघ्यांपाशी यायचा होता, आणि ह्यात रागावावं असं कुणी सापडंना. पोरगा वाईट नाही. हेच जास्त लागलं.

घरी बायकोनं पाणी दिलं आणि समोर बसली. मी अणू कसा फुटतो ते सांगायला घेतलं. दांडे, जड पाणी, वाफ, चक्र, सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. तारांपर्यंत आलो तेव्हा म्हणाली, "ते कळलं. पोरगा कवा यायलाय?"

मी पुन्हा पहिल्या अणूपासून सुरू केलं.