सायवनचा दुसरा वाफा

राऊत मॅडम हिवाळ्यात स्वेटर घालत नसत. डिसेंबरातल्या सकाळी डहाणूच्या आमच्या कॉलेजात सगळे शाली-मफलर गुंडाळून यायचे, आणि मॅडम मात्र सुती साडीत, दंडावर काटा आलेला, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचं कुलूप उघडत असायच्या. मी त्या विभागात नुकतीच शिकवायला लागले होते. पहिल्या दिवशी माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "तुम्ही तलासरीहून येता ना? आज पहाटे तिकडे थंडी किती होती?"

"बरीच होती," मी म्हटलं.

"बरीच म्हणजे काय? गवतावर दव होतं की नव्हतं? दिसलं ते सांगा, वाटलं ते नंतर."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मुलांनाही तेच, प्राचार्यांनाही तेच. बाई तुसड्या आहेत असं कॉलेजात मत होतं. पण रोपांविषयी बोलायला लागल्या की आवाज खाली यायचा, घरातलं कुणी झोपलेलं असावं तसा.

थंडीत रोपाचं काय होतं, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. वर्गात त्या भाताच्या रोपांचे दोन ट्रे ठेवायच्या, एक फ्रिजमधून काढलेला, एक बाहेरचा. "गारठा लागला की जनावर आडोसा शोधतं. रोपाला जागा सोडता येत नाही. मग ते आतल्या आत निरोप पाठवतं. या निरोप्यांना आपण संप्रेरकं म्हणतो. जिबरेलिन रोपाला 'वाढ' म्हणून सांगतं, त्याचं प्रमाण कमी होतं. अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं. पानांवरची बारीक तोंडं मिटतात, वाढ थांबते." मग फ्रिजमधलं खुरटं रोप उचलून म्हणायच्या, "हे आळशी नाही हं. थांबणं हेही त्याचं कामच आहे."

सॅलिसिलिक आम्ल हे असंच एक संप्रेरक. त्याच्या अगदी पातळ द्रावणात बी भिजवून पेरलं, तर रोप थंडीला आधीपासून तयार राहतं, असं प्रयोगशाळेत त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं होतं. आता ते शेतात बघायचं होतं. डोंगराकडच्या गावांत उन्हाळी भाताची रोपं ऐन थंडीत वाढवावी लागतात आणि एखाद्या वर्षी पिवळी पडून जातात. म्हणून आम्ही सायवनला गेलो, जयवंतीबाईंकडे. नवरा-बायकोची लहानशी जमीन, ओढ्याचं पाणी. त्यांच्या रोपांसाठी आम्ही दोन वाफे केले. एकात भिजवलेलं बी, दुसऱ्यात साधं.

जयवंतीबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "मॅडम, औषध चांगला हाय ना? मग दोन्हीला का नाय लावत?"

"दोन्हीला लावलं तर औषधाने जगलं की आपसूक जगलं, ते कळणार नाही, जयवंतीताई."

"बरं," त्या म्हणाल्या.

रोपं हाताच्या बोटाएवढी झाली आणि थंडी पडली. नेहमीची नव्हे. तलासरीला आमच्या अंगणात दुपारपर्यंत ऊन अंगाला लागत नव्हतं. संध्याकाळी आम्ही प्रयोगशाळा आवरत असताना मॅडमचा फोन वाजला. पलीकडे जयवंतीबाई होत्या. मोठ्याने बोलत होत्या म्हणून मलाही ऐकू आलं. "रोपा पिवली पडतात. वरून पेंढा टाकू काय?"

मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "नको. दोन्ही वाफे तसेच राहू देत."

थंडी ओसरल्यावर आम्ही गेलो. पहिल्या वाफ्यातली रोपं ठेंगणी राहिली होती, शेंडे करपले होते, पण हिरवी होती. दुसरा वाफा पांढरट पडून चिखलाला चिकटला होता. मॅडम तिथेच बसल्या. मुळांशी बोट घालून एकेक रोप हलवून बघू लागल्या. एकही धरून नव्हतं.

जयवंतीबाई म्हणाल्या, "तुमी बोलले तसाच ठेवला. काय टाकला नाय."

"राग आला का?" मॅडमनी विचारलं.

"नाय."

परतीच्या एसटीत मॅडम वाणगाव येईपर्यंत वहीत आकडे उतरवत होत्या. तिथे बाजाराची गर्दी चढली, मिरच्यांच्या गोण्या आत आल्या, आणि त्या गोंधळात त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझं म्हणणं बरोबर निघालं." दुखणं सांगावं तसा आवाज होता.

नंतरचा आठवडाभर त्या वाणगावकडच्या गावांतून उरलेली रोपं मागत फिरल्या. थोडी मिळाली, दुसऱ्याच वाणाची. लावणीला उशीर झाला, फुलोरा कडक उन्हात सापडला आणि अर्ध्या शेतातलं भात पोचट निघालं. मॅडम घरचा तांदूळ घेऊन गेल्या. जयवंतीबाईंनी चहा दिला, तांदूळ घेतला नाही. त्या पावसाळ्यानंतर नवरा-बायको वीटभट्टीवर गेले.

प्रयोगाचं मात्र कौतुक झालं. एका परिषदेत मॅडमनी तो मांडला, तेव्हा मी समोर बसले होते. पडद्यावर आलेखाचे दोन खांब, एक उंच, एक जवळजवळ नाहीच. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, "फरक फारच सुंदर आला आहे."

मॅडम म्हणाल्या, "हा ठेंगणा खांब सायवनच्या जयवंतीताईंचा आहे. त्यांना पेंढा टाकायचा होता. मी टाकू दिला नाही."

सभागृहात कुणाला काही कळलं नाही. अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं.

त्यानंतर त्यांनी शेतकऱ्याच्या जमिनीवर प्रयोग केला नाही. दर हिवाळ्यात भिजवून सुकवलेलं बी घेऊन सायवनला जायच्या, ज्याला हवं त्याला सगळ्या वाफ्यांपुरतं द्यायच्या. जयवंतीबाई कधी भेटायच्या, कधी घराला कुलूप असायचं. भेटल्या की मॅडम तेच विचारायच्या आणि त्या तेच उत्तर द्यायच्या. पुढे मॅडमना यकृताचं दुखणं लागलं. वलसाडच्या दवाखान्यात मी गेले तेव्हा चेहरा पिवळा पडला होता. म्हणाल्या, "सायवनला कुणी गेलं का या वर्षी?" मी जाते म्हटलं. मी सायवनला जायच्या आधीच त्या गेल्या.

मग मी सायवनला गेले ते मॅडम गेल्याचा निरोप घेऊन. जयवंतीबाई भट्टीवरून चार दिवसांसाठी घरी आल्या होत्या, सुपात तांदूळ पाखडत होत्या. ऐकल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं आणि ओटीवर बसल्या.

"त्या दर वेली विचारायच्या, राग आला काय. मी नाय बोलायची." त्यांनी पदराने हात पुसले. "आला होता. खूप आला होता. एकदा तरी बोलायला पायजे होता. मी बोलले असते, त्या रडल्या असत्या, मग मी पण रडले असते, मग सगला मिटला असता."