देवकीनं घेतलेलं नाव

माझी मोठी आई, म्हणजे थोरली चुलती, देवकी समुद्राला फार भिते, आणि तिनं समुद्र पाहिलेला नाही. आमची वाडी सिद्धगडाच्या पायथ्याला. इथून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस मोडतो. पण तिचे मालक, म्हणजे माझे मोठे बाबा महादू, भात झोडून झालं की खाली कोकणातल्या एका बंदरावर जातात, मच्छीमार बोटीवर खलाशी म्हणून राबतात आणि पेरणीच्या तोंडावर परत येतात. वीस वर्षं हेच चाललंय. आणि वीस वर्षं मोठी आई संध्याकाळी साडेपाचला हातातलं काम टाकून रेडिओ लावते.

किनाऱ्यावरच्या सरकारी केंद्राचा तो कार्यक्रम, मच्छीमारांसाठी. वारा कुठला, लाटा केवढ्या, हे सांगून झालं की घरचे निरोप वाचतात. बोट आत गेली की मोबाइल मुका होतो, रेडिओ मात्र ऐकू येतो. तेव्हा घरच्यांनी केंद्रावर फोन करायचा आणि निवेदिका सारिकाताईंनी वाचायचं: अमुक बोट, अमुक खलाशी, तुमच्याकडे मुलगी झाली, किंवा म्हशीचं दुखणं बरं आहे. बोटीचं आणि खलाशाचं, दोन्ही नावं लागतात, नाहीतर निरोप भलत्यालाच पोचायचा. मोठ्या बाबांनी बोटीवर तस्साच एक रेडिओ नेलाय. "साडेपाचला तू आईक, मी पन आईकतो," असं ठरलेलं. त्यांचा संसार निम्मा त्या अर्ध्या तासात झाला म्हणा ना.

आमच्या घरचा निरोप मात्र मी नाहीतर तिचा मुलगा ऋतिक सांगायचो. मोठी आई फोनला हात लावत नसे, कारण नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून निघत नाही. आता तुम्ही हसाल. आमच्याकडच्या जुन्या बायका नाव घेत नाहीत, पण उखाण्यात तरी घेतात. ही तिथंही "ऋतिकचे बाबा" म्हणून भागवते. तिची मावशी काशी एकदा भांडणात नवऱ्याचं नाव घेऊन ओरडली आणि पंधरा दिवसांत तो पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. तेव्हा देवकी नऊ वर्षांची होती. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिनं ते तिरडीवर पाहिलंय. मी कॉलेजात शिकलेली अक्कल तिच्यावर दोनदा पाजळली आणि दोनदा तोंडावर पडले.

गेल्या मे महिन्यात रेडिओ तीन दिवस वादळ सांगत होता. त्या दिवशी खर्डीला लग्न होतं आणि सगळी वाडी टेम्पोत बसून गेली, मीसुद्धा. मोठी आई रेडिओपायी राहिली, आणि तिच्या सोबतीला माझी आई कमळ. ऋतिक कंपनीत, त्याचा फोन शिफ्टभर बंद. मी जिलबी खात होते तेव्हा इकडे काय चाललं होतं, ते मला मागाहून आईनं सांगितलं.

साडेपाचला सारिकाताईंनी सांगितलं की सगळ्या बोटी आल्या, दोन राहिल्या. एकीचं नाव 'गंगासागर'. मोठ्या बाबांची बोट. वायरलेस लागत नाही. पुढे त्या म्हणाल्या की हवामान खात्याचा इशारा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, मनावर घेत नाही, पण घरून नावानिशी हाक आली की खलाशी ऐकतो. या बोटींवरच्या माणसांच्या घरचं कुणी ऐकत असेल तर फोन करा, सहापर्यंत.

वाडीत रेंज नाही. दोघी जावा देवळामागचा चढ धावत चढल्या. वर कातळावर वाऱ्यानं पदर ठरत नव्हता. मोठ्या आईला वाटलं, हाच वारा तिकडून आलाय. आईनं नंबर लावला. फोन सारिकाताईंनीच उचलला. आईनं बोटीचं नाव सांगितलं आणि त्यांनी खलाशाचं विचारलं. इथं आई अडली. मोठ्या दिराचं नाव धाकटी जाऊही घेत नाही. तिनं विंचू चावल्यासारखा फोन मोठ्या आईच्या हातात दिला.

मोठी आई म्हणाली, ऋतिकचा बापूस. सारिकाताई म्हणाल्या, बोटीवर त्यांना कोण ऋतिकचा बापूस म्हणतं? तिनं सांगितलं, उंच हायेत, डाव्या हाताला चार बोटं. आई बाजूनं उखाणा घे म्हणून मागे लागली, पण यमक जुळवायला तोंडात थुंकी तर हवी. सहाला सात मिनिटं होती.

"बाई," सारिकाताई म्हणाल्या, "मी तुम्हाला सरळ रेडिओवर जोडते. तुम्हीच हाक मारा."

मोठ्या आईनं फोन दोन्ही हातांनी धरला. नाव घ्यावं तर आयुष्य घटणार, न घ्यावं तर वादळ आहेच. आई म्हणते, "ती इतकी पांढरी पडली की मला वाटलं हीच आधी जाते." मग तिनं डोळे गच्च मिटले.

"महादू," ती म्हणाली. "महादू, घरी या."

एवढंच. फोन आईकडे देऊन ती कातळावर बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागली.

त्या रात्री किनाऱ्यावर वादळ आदळलं. पुढचे दोन दिवस बंदरातले फोन बंद, लाईट बंद, केंद्रही मुकं. आम्ही लग्नाहून आलो तर ही ओसरीच्या खांबाला टेकलेली, तोंडात पाणीसुद्धा नाही. काही बोललं की एकच उत्तर: मी खाल्लं त्यांना. मी तिला समजवायला गेले नाही. खरं सांगते, दुसऱ्या दिवशी मलाही तिचं खरं वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठे बाबा पायवाटेनं आले. सांगाड्यासारखे दिसत होते. अंगणात येऊन उभे राहिले आणि एकेकाला मोजल्यासारखं बघू लागले, ऋतिक, मी, आई, माझे वडील. पायातली चप्पलसुद्धा काढली नाही.

"कोन गेला?" त्यांनी विचारलं.

कुणाला काही कळेना. तेव्हा ते खाली बसले आणि रडत सांगू लागले. वादळ सांगत होते ते रोज ऐकत होतो, वादळं पुष्कळ बघितली, मासळी लागली होती, तांडेल हलायला तयार नव्हता आणि मलाही घाई नव्हती. मग रेडिओत हिचा आवाज आला. तीस वर्षांत हिनं कधी नाव घेतलं नाही, ती नाव घेते म्हणजे घरात मयत झालं. ऋतिक गेला, असंच वाटलं. तांडेलाचे पाय धरले, घरात मढं पडलंय म्हणालो. मढ्याला कोणी नाही म्हणत नाही. त्यानं बोट फिरवली.

मोठी आई खांबाजवळून उठली. आत गेली, तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"कोन नाय गेला," ती म्हणाली. "पानी प्या."

यंदाही मोठे बाबा बोटीवर गेलेत. मोठी आई सोमवार धरते, घटलेलं आयुष्य भरून यावं म्हणून. नाव तिनं पुन्हा घेतलेलं नाही. साडेपाचला रेडिओ लावते. त्या दुसऱ्या बोटीचं काय झालं ते तिनं अजून कुणाला विचारलेलं नाही. त्या बोटीवरच्या माणसांच्या घरी त्या दिवशी रेडिओ कुणी लावला होता की नाही कोण जाणे, एवढंच ती मला एकदा म्हणाली होती, आणि मग रेडिओचा आवाज मोठा केला.