गेनूच्या नावाचा पत्रा

तानाबाईच्या गोठ्याचा चौथा पत्रा तीन दिवस झाले तरी सापडत नव्हता.

मे महिन्यातला गुरुवार होता. दुपारी चारच्या सुमाराला चाकणच्या अंगानं धुळीची भिंत चालत आली आणि वाडीतल्या बाया वाळवणं गोळा करेपर्यंत येऊन निघूनही गेली. पाऊस चार थेंब पडला असेल नसेल, पण वाऱ्यानं गोठ्याचा मावळतीकडचा कोपरा उघडा केला. एक पत्रा शेवग्याला अडकला, दोन उकिरड्यावर पडले. चौथा गेला तो गेलाच.

गोठ्यात आता गुरं नव्हती. दोन शेळ्या, थोडा कडबा आणि गेनूची जुनी अवजारं. गेनू म्हणजे तानाबाईचा नवरा. त्याला जाऊन सात वर्षं झाली होती. भोसरीतलं एक जुनं वर्कशॉप पाडलं तेव्हा त्यानं हे पत्रे टेम्पोत घालून आणले होते. जाड, एकट्या माणसाला पेलायचे नाहीत असे. त्या काळात वाडीत पत्रे चोरीला जायचे, म्हणून प्रत्येक पत्र्याच्या आतल्या बाजूला त्यानं लाल ऑइलपेंटनं आपलं नाव घातलं होतं. शेळ्यांना चारा टाकताना तानाबाई वर बघायची, तर आठ ठिकाणी गेनू.

बाई बासष्ट वर्षांची, चौथी शिकलेली. अर्धी जमीन कंपन्यांत गेली, मुलगा नवनाथही कंपनीत लागला, तरी उरलेल्या एकरभरात मेथी-कोथिंबीर काढून ती स्वतः बाजारात नेऊन बसायची. कुणाची वाट बघत बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पत्र्यांचे हुक गंजून तुटले तेव्हा नवनाथ म्हणाला होता, सुट्टीला माणूस बोलावतो. सुट्टीला त्याचा ओव्हरटाइम निघाला. तानाबाईनं शिडी लावली आणि बांधावरचे दगड एकेक करून पत्र्यांवर नेऊन ठेवले. अकरा दगड. नंतर आठवडाभर भेटेल त्याला ती हे सांगत होती.

रविवारी नवनाथनं ज्योतीरामला आणलं. हा मूळचा लातूरकडचा, भोसरीत खोली करून राहणारा, शेडच्या पत्र्यांची कामं करणारा माणूस. त्यानं शिडीवर चढून उघडा कोपरा पाहिला, लाकडी वाशावर हात फिरवला.

"मावशी, ह्याला हुक कुठायत?"

"गंजून गेले. मी दगड ठिवले व्हते. चांगले मोठे."

ज्योतीरामनं खाली वाकून तिच्याकडं पाहिलं. "दगड वरून दाबतो, मावशी. वारा खालून शिरतो. एकदा कड उचलली की पत्रा दगडाला घेऊन जातो."

"आता घाल की हुक. पन नवा पत्रा आनू नगं. असला जाड मिळायचा न्हाई. तू हे तीन बसव, तवर मी चौथा हुडकून आनते."

वारा गेला त्या दिशेनं ती चालत निघाली. कांद्याचं रान ओलांडलं, मग शेजाऱ्याचं पडीक वावर. पुढं कंपनीची भिंत आणि भिंतीपलीकडं कामगारांच्या बस जायचा रस्ता. पत्रा एवढ्या लांब आला असेल असं तिला वाटलं नव्हतं. पण आलेच आहे तर विचारून जावं म्हणून ती भिंतीला वळसा घालून कोपऱ्यावरच्या टपरीकडं गेली. टपरीवाले लक्ष्मणराव वाडीतलेच, गेनूच्या बरोबरीचे.

आणि टपरीच्या मागं, भिंतीला टेकून, तिचा पत्रा उभा होता. एका बाजूनं दुमडलेला, पण तिचाच. लाल रंगातला 'गे' तिला लांबूनच दिसला. तिला इतकं बरं वाटलं की ती हसलीच.

"सापडला बघा," ती म्हणाली. "तीन दिस झाले हुडकतीय."

लक्ष्मणरावांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. समोर दोन गिऱ्हाइकं चहा पीत होती, ती जाईपर्यंत ते काहीच बोलले नाहीत.

"तानाबाई, बसा आदी."

"बसत न्हाई. गडी खोळंबलाय वर."

"त्या पत्र्यानं एक पोरगी कापलीय."

तिला वाक्य ऐकू आलं, पण कळलं नाही. लक्ष्मणराव खालच्या आवाजात सांगत राहिले. गुरुवारी पहिली शिफ्ट सुटून कंपनीतली एक मुलगी स्कूटीवरून निघाली होती. धुळीमुळं तिनं गाडी कडेला घेतली. भिंतीवरून पत्रा आला तो आडवा तिच्या अंगावर. तिनं तोंडापुढं हात धरला म्हणून मान वाचली. हात मनगटापासून उघडला. टपरीतल्या फडक्यानं त्यांनीच तो बांधला होता. मग रिक्षा, मग पिंपरीचा दवाखाना. पोलीस पंचनामा करून गेले आणि पत्रा इथंच ठेवा म्हणाले.

"नाव वाचलं मी," लक्ष्मणराव म्हणाले. "कुनाला बोललो न्हाई."

तानाबाई पत्र्याजवळ गेली. कडेला वाळलेलं काळपट काहीतरी होतं. तिला आधी तो गंज वाटला. मग त्यात चिकटलेला ओढणीचा पिवळा धागा दिसला आणि ती होती तिथं, रस्त्याच्या मातीत, खाली बसली. लक्ष्मणरावांनी पाणी दिलं ते तिनं हातात धरलं, प्यायचं सुचलं नाही. आपण मघाशी हसलो होतो एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

घरी कशी आली ते तिला पुढं कधी आठवलं नाही. वरून ज्योतीराम म्हणाला, "गावला का, मावशी?" ती त्याच्याकडं बघत राहिली. तो कोपऱ्यावर वाकून ड्रिलनं भोकं पाडत होता आणि प्रत्येक हुकाचा नट पान्यानं आवळून पुन्हा हातानं हलवून बघत होता. एका हुकाला दोन मिनिटंही लागत नव्हती. तानाबाई ते मोजत असल्यासारखी उभी होती.

नवनाथला तिनं सगळं सांगितलं. तो कॉटवर बसला, चेहरा उतरला.

"लक्ष्मणकाका बोलणार नाहीत," तो म्हणाला. "गेनू नावाची चार माणसं होऊन गेली ह्या पट्ट्यात. आई, वादळ होतं. मुद्दाम केलंय का कुणी?"

"दगड मी ठिवले."

"तू गप्प बस. मी बघतो काय ते."

"तू दोन वर्सं बघतोच हायेस," तानाबाई म्हणाली. असं ती मुलाला कधी बोलली नव्हती. "मला पिंपरीच्या दवाखान्यात ने." नवनाथनं उठून मोटरसायकलची किल्ली घेतली.

दवाखान्यातल्या वॉर्डात ती मुलगी खिडकीजवळच्या खाटेवर होती. तनुजा तिचं नाव. सव्वीस वर्षांची, बीडकडची. भोसरीत दोन मैत्रिणींबरोबर खोलीवर राहायची आणि कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायचं काम करायची. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत बांधून उशीवर ठेवला होता. शेजारी तिची आई, मंजुळाबाई, स्टुलावर बसल्या होत्या. गावाकडून आल्या त्याच लुगड्यावर होत्या. त्यांना वाटलं, कुणी कंपनीतल्या मैत्रिणीची आई आली असावी. त्यांनी सरकून जागा करून दिली.

तानाबाई बसली नाही.

"त्यो पत्रा माझा व्हता," ती म्हणाली. "माझ्या गोठ्याचा."

मंजुळाबाईंना कळायला वेळ लागला. तनुजाला लगेच कळलं. ती तानाबाईकडं बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं. भिंतीवरून अंगावर आलेली ती वस्तू कुणाच्या तरी घराची असेल हे तिच्या मनातच आलं नसावं.

"खिळे नव्हते मारले का?" तिनं विचारलं.

"हुक गंजले व्हते. दगड ठिवले व्हते मी."

"दगड," तनुजा म्हणाली. जरा वेळानं पुन्हा, "नुसते दगड."

मग मंजुळाबाई उठल्या. त्या ओरडल्या नाहीत. "डॉक्टर म्हणालेत दोन बोटांच्या नसा गेल्यात," त्या म्हणाल्या. "लेकीचं सगळं काम बोटांचं हाय. तुमी जावा, बाई. आत्ता माझ्या तोंडातून काय निघंल मला सांगता येत न्हाई."

नवनाथनं तिला दंडाला धरून बाहेर आणलं.  खाली आल्यावर ती मोटरसायकलवर बसेना. "आदी चौकीवर चल," म्हणाली.

चौकीतल्या हवालदारानं दोनदा विचारलं, मावशी, तुम्हाला कुणी पाठवलंय का. पत्र्याचा मालक आपल्या पायानं आलेला त्यानं पाहिला नव्हता. तानाबाईनं हुकांपासून दगडांपर्यंत सगळं सांगितलं, एकही दगड कमी केला नाही, आणि जबाबाखाली सही केली. तिच्यावर निष्काळजीपणाची केस झाली. वाडीत कुणी म्हणालं, म्हातारीला कळत नाही. कुणी म्हणालं, पोराला अडचणीत आणलं. नवनाथ सुरुवातीला महिनाभर तिच्याशी मोजकं बोलला. पण तारखेला तिला घेऊन तोच जायचा.

ज्योतीराम पुढच्या रविवारी नवा पत्रा घेऊन आला. पातळ होता, पण त्यानं बाकीच्या सातांसकट सगळ्यांना नवे हुक आणि वॉशर घातले. काम झाल्यावर तानाबाई शिडी चढून वर गेली आणि एकेक नट तिनं स्वतःच्या हातानं ओढून बघितला. खाली उतरली तेव्हा बोटं काळी झाली होती. ती हात न धुताच म्हणाली, "आता माझ्यासंगं चल."

त्या दिवशी ती ज्योतीरामला घेऊन वाडीतल्या अठरा घरांपुढून फिरली. न्हाणीघरं, कोंबड्यांची खुराडी, मोटारीच्या खोल्या. नऊ छपरांवर दगड होते, दोन ठिकाणी ट्रकचे टायर. काही घरांनी लगेच ज्योतीरामचा फोन नंबर घेतला. एक म्हातारा तिच्यावर खेकसला, तुझं तू बघ. ती त्याच्या दारात बसून राहिली. तो चिडून आत गेला, त्याची सून बाहेर आली, तेव्हा तानाबाईनं तिला पोरीच्या हाताबद्दल सांगितलं. रडली नाही, वाढवूनही सांगितलं नाही. सून तिथूनच नवऱ्याला फोन लावायला वळली.

तनुजाला पुढं कंपनीनं वायरींवरून काढून स्टोअरमध्ये घेतलं. तिथं डाव्या हातानं स्कॅनर धरायचं काम. त्याआधी तानाबाई आणखी दोनदा दवाखान्यात गेली होती. एकदा मंजुळाबाईंनी तिला आत सोडलं नाही. एकदा सोडलं, आणि दोघी खाटेच्या दोन बाजूंना तासभर बसल्या.  निघताना तनुजानं पट्टी सुटलेला हात पुढं केला आणि मूठ मिटून दाखवली. तीन बोटं मिटली. दोन सरळच राहिली.

"एवढंच येतं आता," ती म्हणाली.

तानाबाईनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तनुजानं तो काढून घेतला नाही.