गाऱ्हाण्याचा आवाज आणि चार विटा

साल २०२३, मी अडुसष्ट वर्षांचा, चौथी नापास. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान माझा. मी देवाला हाक मारायची आणि सगळ्यांनी "होय महाराजा!" म्हणायचं. माझी हाक अशी की पलीकडच्या गल्लीतूनही होकार यायचा.

त्या उन्हाळ्यात आवाज बसला. सकाळी उठलो की घशात गोळा, दिवसभर खाकरणं. औषध घरचंच. कोकमाचं आगळ प्यायलो, मिरी चघळली. रात्री भजन आटपलं की तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि भात चोपून सरळ आडवा. आवाज आणखीच गेला.

शेजारी माझा गाववाला, बरोबरीचा. तोंडावर म्हणाला, "फाटको भोंगो झालंस रे! यंदा गाऱ्हाणां मी घालतंय."

बायको म्हणाली, "इतकी वर्सां तंबाखू खाल्लात. आता तरी डॉक्टराक दाखवा." कॅन्सरचं नाव तिने घेतलं नाही. मला कळलं. गेलो मुकाट.

अंधेरीची घशाची डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. नाकातून बारीक दुर्बीण आत घातली आणि म्हणाली, "आजोबा, ई म्हणा." समोर टीव्हीवर माझा आवाज! खरंच सांगतो, दोन पांढऱ्या पट्ट्या, दाराच्या फळ्यांसारख्या मिटत होत्या, उघडत होत्या. त्यांच्यामागे सगळं लाल, सुजलेलं. मी खुर्चीतून उठायलाच निघालो!

"गाठबीठ काही नाही," ती म्हणाली. "जेवून लगेच झोपता ना? पोटातलं आंबट घशापर्यंत चढतंय."

"माझ्या छातीत कधी जळजळ नाही झाली."

"घशात यायला त्याला छातीची परवानगी लागत नाही, आजोबा. वर तुम्ही आगळ आणि मिरी. भाजलेल्यावर मीठ चोळताय."

सकाळी उपाशीपोटी गोळी. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी. तंबाखू बंद. खाकरायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा. आणि खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा. मी जन्मात कुणाचं ऐकलं नाही, पण गणपतीला तीनच महिने होते. ऐकलं! पहिला महिना काहीच फरक नाही, बायकोवर डाफरलो. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी दूधवाल्याला हाक मारली, तर तो दचकला!

चतुर्थीला पूजा झाली. गाववाला खाकरत पुढे सरकला. मी हात आडवा घातला आणि हाक दिली, "बा देवा महाराजा!"

"होय महाराजा!" अख्खी चाळ ओरडली. पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "होय महाराजा!" बायकोने पदर डोळ्यांना लावला.

"नवो गळो खयसून आणलंस रे?" गाववाल्याने विचारलं आणि पुन्हा खाकरला. एकदा नाही, चार वेळा. ती खाकर माझ्या ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेतली, नाक्यावरच्या बांधकामावरून चार विटा मागून आणल्या आणि त्याच्या दारात ठेवल्या. म्हटलं, "आधी डॉक्टरणीकडून दुर्बिणीने घसा तपासून घे. चल, चप्पल घाल. मी येतो तुझ्याबरोबर."