दिगूचं पितळी डबडं

बिघडलेली कुठलीही वस्तू हातात आली की दिगू ती आधी कानाला लावायचा. स्टोव्ह असो, बाजाची पेटी असो, टांगेवाल्याचा भोंगा असो. मग मान हलवून म्हणायचा, "मेलं नाही रे, घसा बसलाय." आणि ती वस्तू खरोखरच बोलायला लागायची. आम्ही डोंबिवलीला एकाच चाळीत राहायचो, मुंबईच्या गोदीत एकाच वर्कशॉपात फिटर होतो, पगारही सारखाच होता. फरक एवढाच, की दिगू घरी नसला तरच लोक माझ्याकडे वस्तू आणायचे.

वर्कशॉपात पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्यांच्या सामानासाठी वेगळी खोली झाली आणि तिथे एक मुख्य मिस्त्री नेमायचं ठरलं. ती जागा मला हवी होती. दिगूलाही हवी होती. साहेबांनी परीक्षा म्हणून एक जुना फ्रेंच रेग्युलेटर आमच्यापुढे टाकला. पाणबुड्याच्या पाठीवरच्या नळकांड्यातली हवा त्याला लागेल तेवढीच तोंडात सोडणारं हे पितळी डबडं, दोन्ही अंगांना रबरी नळ्या. खाऱ्या पाण्यानं आत हिरवा थर चढला होता. पहिली पाळी माझी. मी आठवडाभर झटलो आणि 'भंगार' म्हणून ते परत केलं. दिगूनं ते कानाला लावलं. काय म्हणाला असेल ते सांगायला नको.

घरी आणून तो मोरीपाशी पाटावर बसला. स्क्रू ताटात ओळीनं मांडले. हिरवे पडलेले भाग चिंचेच्या कोळात भिजत घातले, बायका देवाची भांडी घासताना चिंच लावतात तसं. आतली रबरी चकती विरली होती, ती त्यानं आईची गरम पाण्याची पिशवी कापून नवी केली.

"मेल्या, माझे गुडघे आता काय तव्यावर शेकू?" म्हातारी ओरडली.

"गुडघ्यांना विचारूनच कापली गं आई!"

सगळी चाळ हसली, माझी बायको सगळ्यांत मोठ्यानं. मी दाराशी उभा राहून जळत होतो. माझ्या घरात काय चिंच नव्हती?

खंडेनवमीला म्हातारीनं हत्यारांबरोबर डबड्याचीही पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, मूठभर अक्षता. पुढच्या रविवारी चाळीच्या विहिरीत चाचणी ठरली. साहेबांच्या परवानगीनं हवेचं नळकांडं आणलं होतं. पिण्याची विहीर, म्हणून दिगूनं आधी साबण लावून आंघोळ केली. मग उतरला आणि लगेच खोकत वर आला. नळीत पाणी शिरत होतं. खोटं कशाला सांगू, मला तोंडात गुळाचा खडा ठेवल्यासारखं वाटलं.

त्यानं कठड्यावर बसूनच डबडं उघडलं. सोडलेला श्वास बाहेर टाकणारी एक रबरी चोच असते, तिच्यात कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा अडकला होता. म्हातारीचा चेहरा उतरला. दिगूनं दाणा कपाळाला लावला. "आई, तुझा आशीर्वाद जरा जास्तच आत पोचला बघ."

दुसऱ्यांदा उतरला तो इतका वेळ खालीच राहिला, की बायका त्याच्या नावानं हाका मारू लागल्या. वर आला तेव्हा हातात तांब्या होता. माझ्याच बायकोचा, माहेराहून आणलेला, कधीतरी दोर तुटून पडलेला.

"भाऊजी, कमाल केलीत हो!" ती म्हणाली. लग्नापासून माझ्यासाठी तिनं असा आवाज काढला नव्हता.

जागा अर्थातच दिगूला मिळाली. पेढा मी घेतला आणि घरी नेऊन बायकोला दिला. त्यातून हा गडी दुरुस्त केलेला प्रत्येक रेग्युलेटर माझ्याकडे घेऊन यायचा. "वसंता, तूही जरा ऐकून बघ रे." मी ऐकायचो, चूक शोधायचो. सापडायची नाही. मग घरी येऊन त्याच तांब्यानं पाणी प्यायचो.

काही वर्षांनी दिगूच्या छातीचं दुखणं सुरू झालं. भेटायला गेलो तेव्हा आवाज गेला होता, श्वास घरघरत होता. मी त्याच्या छातीला कान लावला. तो हसला. "मेलो नाही रे," कसाबसा म्हणाला, "घसा बसलाय."

या माणसाचं एकदा तरी चुकावं, म्हणून मी इतकी वर्षं काढली होती. त्या संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून देवाला म्हटलं, आजही याचंच खरं कर.

दिगू चुकला तो तेवढा एकदाच.